लांबलेली पाळी, लांबलेले मातृत्व आणि शिक्षेची कल्पना

दोन मुलांमध्ये अंतर राहावे म्हणून, किंवा संसार स्थिरस्थावर होईपर्यंत पाळणा लांबवावा म्हणून एखादे जोडपे काही वर्षे संततिनियमनाचे साधन वापरते. पुढे ते साधन सोडले जाते, कारण आता मूल हवे असते. परंतु पाळी ठरल्या दिवशी येत नाही. आली तर पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. महिन्यांमागून महिने जातात आणि दिवस राहत नाहीत. अशा वेळी घरात एक वाक्य उच्चारले जाते. कधी ते सासूच्या तोंडून येते, कधी शेजारणीच्या, आणि बहुतेक वेळा त्या स्त्रीच्या स्वतःच्याच मनातून येते : अल्लाह देत होता तेव्हा नको म्हटले, म्हणून आता तो देत नाही.

हे वाक्य ऐकायला धार्मिक वाटते. त्यात अल्लाहचे नाव आहे आणि माणसाच्या उद्दामपणाची निंदाही आहे. म्हणून ते कोणी तपासून पाहत नाही. वस्तुतः या एका वाक्यात दोन मोठे दावे दडलेले आहेत. पहिला दावा शरीराविषयीचा आहे, की पाळीचे हे लांबणे त्या साधनामुळेच झाले. दुसरा दावा प्रत्यक्ष अल्लाहविषयीचा आहे, की हे लांबणे ही त्याने दिलेली शिक्षा आहे. पहिला दावा अनेकदा अर्धवट खरा असतो. दुसरा करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे जाऊ नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांची विचारणा होणार आहे, असा इशारा सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) दिलेला आहे. तेव्हा निवाड्यापूर्वी माहिती घेणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. ती श्रद्धेचीच मागणी आहे.

आपल्या महाराष्ट्रात संततिनियमनाची जाहीर चर्चा शंभर वर्षांची झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली या विषयाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या अनेक मतांशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण एक गोष्ट लक्षात येते. समर्थक असोत वा विरोधक, सर्वांची शक्ती साधन सुरू करावे की नाही या प्रश्नावर खर्च झाली. ते सोडल्यानंतर स्त्रीच्या देहाचे आणि मनाचे काय होते, याविषयी दोन्ही बाजूंना फारसे बोलायचे नव्हते. आपले फतव्यांचे संग्रहही याला अपवाद नाहीत. वैध की अवैध एवढे सांगून उत्तर संपते आणि प्रश्न विचारणारी स्त्री घरी जाते.

आता शरीराकडे वळू. सर्व साधने एकसारखी नाहीत आणि ती सोडल्यावर शरीर पूर्ववत होण्याचा काळही एकसारखा नाही, ही पहिली गोष्ट. तांबी गर्भाशयात असते. ती बीजकोशाच्या कामात हात घालत नाही. सरकारी दवाखान्यात बसविल्या जाणाऱ्या तांब्यांपैकी एक पाच वर्षांची असते, एक दहा वर्षांची. ती असेपर्यंत पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, पोटात दुखू शकते. काढल्यानंतर मात्र त्याच महिन्यात दिवस राहण्याची शक्यता असते. रोजच्या गोळ्यांचे वेगळे आहे. 'माला-एन'च्या पाकिटात एकवीस गोळ्या संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत जो रक्तस्राव होतो त्याला आपण पाळी म्हणतो, पण खऱ्या अर्थाने ती पाळी नसते. संप्रेरकांचा पुरवठा थांबल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, एवढेच. अंडोत्सर्ग, म्हणजे बीज सुटणे, त्या काळात दबलेलेच असते. गोळ्या सोडल्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला आणि बीजकोशाला आपापसांतला जुना संवाद पुन्हा जुळवावा लागतो. बहुतेकींच्या बाबतीत तो एक ते तीन महिन्यांत जुळतो. तीन महिने उलटूनही पाळी आली नाही तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी आणि मग डॉक्टरांकडे जावे.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' ही गोळी आणखी निराळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घेतात. तिच्याने पाळी पुढे ढकलली जाऊ शकते; गोळी सोडल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते.

सर्वाधिक गैरसमज आहेत ते तीन महिन्यांच्या इंजेक्शनाविषयी. २०१७ पासून 'अंतरा' या नावाने ते सरकारी केंद्रांत मोफत मिळते. आशाताई घरापर्यंत माहिती देतात, इंजेक्शन गुपचूप घेता येते, रोज गोळी आठवण ठेवून घ्यावी लागत नाही. त्यामुळे अनेक भगिनींनी ते स्वीकारले आहे. त्याचे औषध स्नायूंत साठून हळूहळू रक्तात उतरते आणि बीज सुटणे थांबविते. गर्भाशयाचे अस्तर पातळ होते. सुरुवातीला अवेळी अंगावरून जाते. वर्षभरानंतर सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी येणेच बंद होते. यामुळे "आत रक्त साठते" अशी जी भीती पसरली आहे ती निराधार आहे. अस्तरच तयार होत नाही, मग साठणार काय? परंतु इंजेक्शन बंद केल्यावर परतीची वाट मात्र लांब असते. शेवटच्या इंजेक्शनापासून गर्भधारणा होईपर्यंतचा मध्यम काळ दहा महिन्यांचा आढळला आहे. ज्यांना मूल हवे होते अशा स्त्रियांपैकी बारा महिन्यांत ६८ टक्के, पंधरा महिन्यांत ८३ टक्के आणि अठरा महिन्यांत ९३ टक्के स्त्रियांना दिवस राहिले. काहींना चार महिन्यांतच राहिले, तर क्वचित एखादीला अडीच वर्षे लागली. महत्त्वाची बाब ही, की इंजेक्शन किती वर्षे घेतले यावर हा विलंब अवलंबून नसतो. दोन वर्षे घेणारी आणि सात वर्षे घेणारी, दोघींना साधारण तेवढीच वाट पाहावी लागते.

म्हणजे जी स्त्री सातव्या महिन्यात "माझी कूस बंद झाली" म्हणून रडत असते, ती बहुधा औषधाच्या अगदी नेहमीच्या मार्गावर चालत असते. तिला शिक्षा झालेली नाही; तिला वेळापत्रक सांगितले गेले नाही. सुई टोचण्यापूर्वी हे दोन वाक्यांत सांगता आले असते. आरोग्यसेविकेच्या घाईत, स्त्रीच्या संकोचात आणि पतीच्या बेफिकिरीत ते राहून जाते.

यात आणखी एक गुंता आहे. एखादी स्त्री सत्तावीसाव्या वर्षी गोळ्या सुरू करते आणि छत्तीसाव्या वर्षी थांबविते. मधल्या नऊ वर्षांत गोळीने तिचे काही बिघडविले नसले तरी तिचे वय थांबलेले नसते. पस्तिशीनंतर स्त्रीची गर्भधारणेची क्षमता वेगाने घटू लागते. शिवाय ज्या मुलीची पाळी लग्नापूर्वीच अनियमित होती, बीजकोशांत ग्रंथी असण्याचा त्रास होता, थायरॉइडचा विकार होता, तिला गोळ्यांच्या काळात दर महिन्याला घड्याळासारखा रक्तस्राव होत राहिला आणि मूळ दोष झाकला गेला. गोळी सुटली, दोष उघडा पडला. घरच्यांना मात्र दिसते ते एवढेच : आधी ठीक होते, गोळ्या सोडल्या आणि बिघडले. एकामागून दुसरे घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. हा साधा न्याय आपण बाजारात पाळतो, सुनेच्या बाबतीत विसरतो.

साधन थांबविणाऱ्या स्त्रियांचा एकत्रित विचार केला तर त्यांच्यापैकी शंभरांत ऐंशीहून अधिक स्त्रिया वर्षभरात गर्भवती होतात. वर्ष उलटल्यावर, आणि वय पस्तिशीपुढचे असेल तर सहा महिन्यांनंतरच, दोघांनीही तपासणी करून घ्यावी असा वैद्यकीय सल्ला असतो. 'दोघांनीही' या शब्दाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आता दुसरा दावा. प्रेषितांच्या (स.) काळात संततिनियमनाची जी रीत होती तिला अज़्ल म्हणतात, वीर्य बाहेर सोडणे असा तिचा अर्थ. कुरआनचे अवतरण चालू असताना आम्ही ते करीत होतो, असे हजरत जाबिर (रजि.) सांगतात, आणि ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जुदामा बिन्त वहब (रजि.) यांच्या एका हदीसमध्ये अज़्लला गुप्तपणे जिवंत पुरण्यासारखे म्हटले आहे आणि इमाम इब्ने हज्म यांनी तिच्या आधारे अज़्ल निषिद्ध ठरविले. बहुसंख्य विद्वानांनी मात्र तिचा अर्थ नापसंती असा घेतला. इमाम गजाली यांनी 'इह्या'मध्ये या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. अस्तित्वात आलेल्या जिवाला मारणे आणि जीव अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याचे कारण टाळणे यांतला फरक ते स्पष्ट करतात आणि मग हेतूकडे वळतात. पत्नीच्या जिवाची काळजी हा हेतू त्यांना मान्य आहे. मुलगी होईल या भीतीने टाळणे त्यांना अमान्य आहे. १९८८ साली कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही पती-पत्नीच्या परस्पर सल्ल्याने व संमतीने, अपाय होत नसेल तर, तात्पुरत्या साधनाने अंतर राखण्यास परवानगी दिली आणि निकडीच्या कारणाशिवाय कायमची नसबंदी निषिद्ध मानली.

ज्या गोष्टीला शरीअतने मुभा दिली, तिच्याबद्दल अल्लाह शिक्षा करतो असे म्हणणे म्हणजे मुभा देणाऱ्यावर आळ घेणे आहे. पाहुण्याला जेवायला बसवावे आणि मग जेवला म्हणून दंड करावा, असे वर्तन आपण सभ्य माणसाकडूनही अपेक्षित नाही. आणि ते परम न्यायी स्वामीच्या नावावर किती सहज खपवितो!

यावर विचारी वाचक आक्षेप घेईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. समजा हेतू निर्मळ नव्हता. मूल म्हणजे खर्च आणि अडगळ, अशी भावना होती. दारिद्र्याच्या भीतीने संततीची हत्या करू नये असे कुरआनने (६:१५१, १७:३१) ज्या मनोवृत्तीला उद्देशून बजावले आहे, तिच्याशी नाते सांगणारी ती भावना होती. किंवा फ्लॅटचे हप्ते, बढती, परदेशातली दोन वर्षे असे करीत करीत अडतिसावे वर्ष आले. तरीही त्यांची काही जबाबदारी नाही काय?

आहे. परंतु येथे परिणाम आणि शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अल्लाहने सृष्टीत कार्यकारणाचे नियम ठेवले आहेत. वय वाढले की बीज कमी होते, हा त्या नियमांपैकी एक आहे आणि तो मोमिन स्त्रीलाही लागू आहे, काफिर स्त्रीलाही. जिने साधन वापरले तिलाही आणि जिचे लग्नच उशिरा झाले तिलाही. जो नियम सर्वांना सारखा लागतो तो कोणा एकाविरुद्धचा निकाल असू शकत नाही. पेरणीची वेळ टळली म्हणून पीक आले नाही, तर तो शेतकऱ्याच्या निर्णयाचा परिणाम झाला. त्याने पेरणी आळसाने टाळली, आजाऱ्याच्या सेवेत टाळली की चुकीच्या सल्ल्याने टाळली, यावर त्याचा गुन्हा आहे की नाही हे ठरेल आणि ते ठरविणारा शेजारचा शेतकरी नव्हे. परिणाम डोळ्यांना दिसतो. शिक्षा दिसण्यासाठी हेतू दिसावा लागतो आणि हेतू पाहणारा एकच आहे. ज्यांना आपला हेतू खोटा होता असे आतून जाणवते त्यांच्यासाठी तौबाचे द्वार उघडे आहे. पण तौबा हे गर्भधारणेचे औषध नाही आणि गर्भधारणा न होणे हा तौबा नाकारली गेल्याचा पुरावा नाही.

सूरह अल-फज्रमध्ये (८९:१५-१७) माणसाच्या याच खोडीवर बोट ठेवलेले आहे. रब्बने कृपा केली की तो म्हणतो माझा सन्मान झाला, हात आखडता घेतला की म्हणतो माझा अपमान झाला. आणि लगेच या समजुतीचा ठाम शब्दांत इन्कार येतो. देणे हा जसा सन्मानाचा दाखला नाही, तसे न देणे हा अपमानाचा दाखला नाही. दोन्ही कसोट्या आहेत. सूरह अश-शूरामध्ये (४२:४९-५०) तो कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला निःसंतान ठेवतो असे सांगितले आहे. या चौघांपैकी कोणत्याही गटाला तेथे पापी म्हटलेले नाही. आयतीचा शेवट अल्लाहच्या ज्ञानाच्या आणि सामर्थ्याच्या उल्लेखाने होतो, क्रोधाच्या नव्हे.

आणि उदाहरण हवे असेल तर ते आपल्याच घरात, किंबहुना सर्वांत पवित्र घरात आहे. प्रेषितांची (स.) सर्व अपत्ये हजरत खदीजा (रजि.) यांच्यापासून झाली आणि एक पुत्र, इब्राहीम, हजरत मारिया (रजि.) यांच्यापासून. हजरत आयेशा, हफ्सा, जैनब बिन्त जहश (रजि.) यांना प्रेषितांपासून मूल झाले नाही. कुरआनने (३३:६) त्यांनाच मोमिनांच्या माता म्हटले. हजरत आयेशा (रजि.) आपल्या बहिणीच्या मुलावरून, अब्दुल्लाह बिन जुबैर यांच्यावरून, 'उम्मे अब्दुल्लाह' म्हणवून घेत. ज्या समाजाच्या बहुतेक माता निःसंतान होत्या, त्या समाजात 'वांझोटी' ही शिवी रुळावी, हे आश्चर्य आहे. तो शब्द आपण दीनमधून घेतलेला नाही. आजूबाजूच्या रिवाजातून घेतला आहे.

हजरत जाबिर (रजि.) यांचीच आणखी एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. एक मनुष्य आपल्या दासीविषयी अज़्लची परवानगी मागतो. प्रेषित (स.) त्याला अडवीत नाहीत, पण जे तिच्या नशिबी लिहिले आहे ते तिला येऊन पोहोचेलच असे सांगतात. काही काळाने तो मनुष्य परत येतो आणि ती गरोदर असल्याचे कळवितो. ही हदीस आपण नेहमी एकाच दिशेने वाचतो : साधन वापरले तरी जे यायचे ते येणारच. तिची दुसरी दिशाही तेवढीच खरी आहे. ज्या साधनात येणाऱ्याला अडविण्याची अंतिम ताकद नव्हती, ते सोडून देण्यात न येणाऱ्याला आणण्याची ताकद कोठून येणार? मूल आपण तिजोरीत ठेवले होते आणि आता किल्ली फिरवली की ते बाहेर येईल, अशी समजूत करून घेणाऱ्या आधुनिक जोडप्याची चूक आणि "तिने मूल घालवले" म्हणणाऱ्या सासूची चूक ही मुळात एकच आहे. दोघांनाही वाटते की निर्मितीचे बटण माणसाच्या हाती होते.

आता त्या 'दोघांनीही' या शब्दाकडे. हनफी, मालिकी आणि हंबली फुकहांनी अज़्लसाठी पत्नीची अनुमती आवश्यक मानली, कारण संतती हा तिचाही हक्क आहे. म्हणजे निर्णय दोघांचा. मग परिणामाचा भार एकीवर कसा? इंजेक्शन घेण्यासाठी नवऱ्याने तिला दुचाकीवरून केंद्रात सोडलेले असते. दिवस राहत नाहीत तेव्हा मात्र "तू घेतलेले इंजेक्शन" अशी भाषा सुरू होते. सर्वनाम बदलले की जबाबदारी बदलते. काही घरांत दुसऱ्या लग्नाचा विषय निघतो, तोही वैद्यकीय वेळापत्रकातला दहावा महिना उजाडण्याआधी. आणि पुरुषाची तपासणी? वंध्यत्वाच्या प्रकरणांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी ही या साऱ्या तपासण्यांतली सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. स्त्रीच्या नळ्यांची तपासणी त्यामानाने त्रासाची आणि खर्चाची. तरीही क्रम उलटा लावला जातो. पत्नीच्या तीन सोनोग्राफी होतात आणि पती "आमच्या घराण्यात असे काही नाही" म्हणून बाहेर बसतो.

हजरत जकरिया (अ.) यांची प्रार्थना या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सूरह मरयमच्या आरंभी ते अल्लाहला गुपचूप हाक मारतात. आधी काय सांगतात? आपली हाडे ठिसूळ झाली, आपले डोके पांढरे झाले. पत्नी निःसंतान असल्याचा उल्लेख त्यानंतर येतो. एक नबी आपले गाऱ्हाणे स्वतःच्या दुर्बलतेपासून सुरू करतो. आणि सूरह अल-अंबियामध्ये (२१:९०) अल्लाह सांगतो, की त्याने त्यांना यह्या दिले आणि त्यांच्यासाठी त्यांच्या पत्नीला सुदृढ केले. बदललेली पत्नी दिली असे नाही. तीच, त्याच घरातली. प्रार्थना आणि उपचार यांच्यात विरोध पाहणाऱ्यांनीही येथे थांबावे. औषधोपचार करा, असा प्रेषितांचा (स.) आदेश अबू दाऊद व तिर्मिजीमध्ये आहे. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे तवक्कुल सोडणे नव्हे. दर्ग्यात धागा बांधून तपासणी वर्षभर लांबविणे हे मात्र तवक्कुलही नव्हे आणि उपचारही नव्हे.

साधन घेताना किंवा सोडताना पाळी विस्कळीत होते तेव्हा इबादतीचाही प्रश्न उभा राहतो आणि याविषयी आपल्याकडे अज्ञान मोठे आहे. कोणी तीन-तीन आठवडे नमाज सोडून बसते. कोणी रमजानचे अर्धे रोजे वाया गेले असे समजते. प्रत्येक रक्तस्राव हा हैज नसतो. फातिमा बिन्त अबू हुबैश (रजि.) यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, की माझा रक्तस्राव थांबतच नाही, मी नमाज सोडू काय? प्रेषितांनी (स.) सांगितले, की ती एक शीर आहे, पाळी नव्हे, नेहमीचे दिवस संपले की स्नान करून नमाज सुरू करावी. यालाच इस्तिहाजा म्हणतात. हनफी मतानुसार हैजची मुदत कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफई मतानुसार एक दिवस-रात्र ते पंधरा दिवस. दोन हैजांमध्ये निदान पंधरा दिवसांची पाकी असते, यावर दोघांचे एकमत आहे. म्हणजे रत्नागिरीची शाफई भगिनी आणि औरंगाबादची हनफी भगिनी यांचा बारा दिवसांच्या रक्तस्रावाचा हिशेब वेगळा निघेल. हनफी भगिनीचा स्राव दहा दिवसांच्या पुढे गेला तर तिने आपली पूर्वीची सवय धरावी. ती सहा दिवसांची असेल तर उरलेले सहा दिवस इस्तिहाजाचे, आणि त्या दिवसांच्या सुटलेल्या नमाजा फेडाव्या लागतील. म्हणून साधन सुरू करण्यापूर्वीच आपल्या सवयीचे दिवस कोठेतरी लिहून ठेवणे शहाणपणाचे. इस्तिहाजात रोजा होतो, नमाज होते, पतीचा सहवासही बहुसंख्य विद्वानांच्या मते निषिद्ध नाही.

हे प्रश्न विचारायला लाज वाटते, ही खरी अडचण आहे. अन्सारी स्त्रियांना संकोचाने दीनचे ज्ञान मिळविण्यापासून रोखले नाही, अशी हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली होती. आपल्याकडे काही मुस्लिम घरांतही 'विटाळ' शिरला आहे. बाजूला बसणे, भांड्याला न शिवणे असे प्रकार चालतात. हजच्या प्रवासात सरिफ येथे पाळी आली म्हणून रडणाऱ्या हजरत आयेशांना (रजि.) प्रेषितांनी (स.) धीर दिला होता, की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या सर्व लेकींसाठी नेमून दिली आहे. ज्या घरात पाळीचा उच्चारही निषिद्ध आहे, त्या घरातली सून न आलेल्या पाळीविषयी कोणाजवळ बोलणार?

पाळीच्या या लांबण्याचा सर्वांत कठीण प्रसंग घटस्फोटात येतो. तलाक झालेल्या स्त्रीची इद्दत तीन 'कुरू'ची आहे (२:२२८). हनफींच्या मते तीन हैज, शाफईंच्या मते तीन पाकीचे काळ. सूरह अत-तलाकमध्ये (६५:४) जिची पाळी वयोमानाने कायमची गेली तिची इद्दत तीन महिने आणि गर्भवतीची प्रसूतीपर्यंत सांगितली आहे. पण जी तीस वर्षांची आहे, गर्भवती नाही आणि इंजेक्शनामुळे जिची पाळी आठ महिने आलेली नाही, तिचे काय? ती वृद्ध नाही, म्हणून तीन महिन्यांवर तिला सोडता येत नाही. तीन पाळ्या मोजाव्यात तर पहिलीचाच पत्ता नाही.

हा प्रश्न नवा वाटतो, पण नाही. इमाम मालिक यांच्या 'मुअत्ता'मध्ये हब्बान नावाच्या सहाबींचा प्रसंग आहे. त्यांनी आपल्या अन्सारी पत्नीला तलाक दिला तेव्हा ती मुलाला दूध पाजत होती आणि त्यामुळे तिची पाळी बंद होती. वर्ष उलटले, हब्बान वारले, आणि तिने वारसाहक्क मागितला, कारण पाळी आली नव्हती, म्हणून इद्दतही संपली नव्हती. दुसऱ्या पत्नीने विरोध केला. हजरत उस्मान (रजि.) यांनी हजरत अली (रजि.) यांच्या सल्ल्याने अन्सारी पत्नीच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात दोन गोष्टी दिसतात. पाळी का थांबली याचे कारण न्यायाने विचारात घेतले, आणि गर्भाशयात काय आहे याबाबत स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवला. कुरआननेही (२:२२८) ते न लपविण्याची जबाबदारी तिच्यावरच सोपविली आहे. ज्याच्यावर जबाबदारी, त्याचीच साक्ष. जिची पाळी कारण न कळता थांबली अशा स्त्रीविषयी हजरत उमर (रजि.) यांचा निर्णयही 'मुअत्ता'त आहे : नऊ महिने वाट पाहावी, गर्भ नाही हे स्पष्ट झाले की तीन महिने इद्दत पाळावी. मूळ हनफी मतानुसार तिला पाळी कायमची जाण्याच्या वयापर्यंत थांबावे लागले असते. त्यातील अडचण ओळखून नंतरच्या हनफी विद्वानांनी निकडीच्या वेळी मालिकी मतावर फतवा देण्यास मुभा दिली.

इंजेक्शनाच्या बाबतीत मात्र कारण माहीत असते, आणि कारण माहीत असणे व नसणे यांत फुकहांनी फरक केला आहे. पाळी परतण्याची साधारण मुदतही आज वैद्यकाला ठाऊक आहे. म्हणून अशा स्त्रीची इद्दत सांगण्यापूर्वी मुफ्तीसाहेबांनी वय आणि तलाकची तारीख यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : कोणते साधन होते आणि त्याची शेवटची मात्रा केव्हा घेतली. तिला सांगायला संकोच वाटत असेल तर हरकत नाही. 'अंतरा'च्या कार्डावर ती तारीख लिहिलेली असते.